नखं काढायला काय लागतं?

"आजोबा, सोमवारच्या आत नखं काढायचीत. तिकडे कुणी आहे का काढणारं?" नातीनं पुण्याहून फोनवर विचारलं.

"कुणी कशाला पाहिजे? मी आहे की!" मी म्हणालो. "ये तू. माझ्याकडे चांगलं नेलकटर आहे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आता यात हसण्यासारखं काय होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. आमच्या अंबाजोगाईकडे नखं 'कापत' नाहीत, 'काढतात'. दहा बोटांची दहा नखं काढायला मला फार तर पाच मिनिटं लागतात, आणि त्यातली तीन मिनिटं चष्मा शोधण्यात जातात. छत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. शब्दांचे अर्थ काळाप्रमाणे बदलतात, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे. पण सांगणं वेगळं आणि स्वतःवर येणं वेगळं.

शुक्रवारी संध्याकाळी नात एस्टीतून उतरली आणि तिनं नमस्कारासाठी हात पुढे केले. मी दोन पावलं मागे सरलो. माधवराव पेशव्यांनी १७६३ साली निजामाला जिथं धूळ चारली ते राक्षसभुवन आमच्याच बीड जिल्ह्यात आहे, हे मला ठाऊक होतं. पण त्यातला 'राक्षस' माझ्या नातीच्या बोटांवर येऊन बसला असेल याची कल्पना नव्हती. बोटाच्या पुढे निदान पाऊण इंच नख. रंग डाळिंबी. त्यावर चांदीची बुट्टी. अनामिकेच्या नखावर तर चक्क खडा! मैत्रिणीच्या लग्नासाठी तिनं ती पुण्यात कुठंशी बसवून घेतली होती. ॲक्रिलिकची नखं. म्हणजे खालचं नख देवानं दिलेलं, आणि वरचं पैसे देऊन घेतलेलं.

"अगं, ही अशी नखं घेऊन तू कणीक कशी मळणार?" आमच्या हिनं पहिला प्रश्न विचारला. जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीची परीक्षा ही कणकेपासून सुरू करते.

"आजी, मला कणीक नाही मळायची. बाळंतपणं करायचीत."

हे मात्र खरं होतं. नात एम.बी.बी.एस. झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिचा नंबर आमच्याच गावच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात लागला. विषय प्रसूतिशास्त्र. हे कॉलेज १९७४ सालचं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आम्ही गावकरी पाहुण्यांना ते दुरून दाखवतो, आणि वेळ आली की जवळून पाहतो. ज्यांचं नाव त्याला दिलं ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी याच गावात शिक्षक होते. मास्तरांची नावं सहसा कशाला देत नाहीत, म्हणून हे मी प्रत्येकाला सांगतो. तर सोमवारी सकाळी नातीला तिथं रुजू व्हायचं होतं. आणि रुग्णाला हात लावणाऱ्यानं कृत्रिम नखं वापरू नयेत, स्वतःची असली तरी ती आखूड ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ सालीच लिहून ठेवलंय. लांब नखाखाली जंतू दडून बसतात. हात कितीही धुतले तरी ते तिथून हलत नाहीत. भाडेकरूसारखे. शिवाय हातमोजा फाटतो तो वेगळाच.

"मग बसवलीस कशाला?" मी विचारलं.

"लग्न होतं ना, आजोबा." असं ती म्हणाली, जणू लग्न होतं म्हटल्यावर कुठल्याही वेडेपणाचा खुलासा होतो. विचार केल्यावर मला वाटलं, होतोच.

त्या रात्री आमच्या घरात तज्ज्ञांची समिती बसली. हिनं खोबरेल तेल कोमट करून दिलं. अर्धा तास बोटं बुडवून झाली; बोटं मऊ झाली, नखं नाही. शेजारच्या काकूंनी दाताच्या दोऱ्याचा प्रयोग सांगितला. नखाच्या खालून दोरा घालायचा आणि करवतीसारखा ओढायचा म्हणे. त्यांच्या चिरंजीवांनी रंगाच्या दुकानातून थिनर आणायची तयारी दाखवली. मी माझं नेलकटर पुढे केलं. ते त्या नखावर ठेवून दाबलं तर नख जसंच्या तसं राहिलं आणि नेलकटरचाच जबडा वाकला. शेवटी ही म्हणाली, "रात्री नखं काढू नयेत. आणि उद्या शनिवार आहे. शनिवारीही काढू नयेत." समितीनं हा ठराव एकमतानं मंजूर केला आणि सभा बरखास्त झाली.

सकाळी उठून पाहतो तर नात न्हाणीघराच्या दाराशी बसलेली. हातात बटाटे सोलायची सुरी. डाव्या करंगळीचं नख तिनं टोकानं उचकटून काढलं होतं. काढलं कसलं, उपटलं होतं. वरच्या ॲक्रिलिकबरोबर खालच्या खऱ्या नखाचा पापुद्रा सोलून निघाला होता, आणि कडेला रक्त. डोळ्यांत पाणी. पाच-साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर झालेली मुलगी. पण स्वतःचं दुखणं आलं की डॉक्टरही न्हाणीघरातच बसतो.

"आजोबा, अजून नऊ आहेत," ती म्हणाली.

त्या 'नऊ'मुळे मी पायात चपला सरकवल्या. हिच्या शनिवारकडे त्या दिवशी कुणीच लक्ष दिलं नाही, हिनंसुद्धा नाही.

बाजारात चौकशी करत आम्ही एका ब्युटी पार्लरपाशी आलो. पहिला मजला, खाली भांड्यांचं दुकान. दारावर पाटी, 'फक्त महिलांसाठी'. मी जिन्यातच थांबलो. आतून पंचविशी-तिशीच्या पुढची एक बाई बाहेर आल्या, नातीचा हात हातात घेऊन त्यांनी करंगळी पाहिली आणि चिडून म्हणाल्या, "हे कुणी केलं? असं ओढून काढतेत का कुठं?" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या की सर आत. आत्ता दुपारचं कुणी नाही. असं बाहेर काय उभं राहायलात?"

'सर' म्हटल्यावर मी सावध झालो. आमच्या गावात मला 'सर' म्हणणारा माणूस एकतर विद्यार्थी असतो नाहीतर विमा एजंट.

"मी तुमची विद्यार्थिनी, सर. दहावी 'ब'. इतिहासात तुम्ही मला पस्तीस दिले होते."

मला नाव आठवेना. चेहराही आठवेना. पस्तीसवाले विद्यार्थी मास्तरांच्या लक्षात राहत नाहीत. नव्वदवाले राहतात आणि नऊवाले राहतात. मधले नुसतेच पास होतात. "वा, वा! छान!" असं काहीतरी पुटपुटत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकलो.

बाईंनी काम सुरू केलं. मी आयुष्यात प्रथमच असं काही पाहत होतो, म्हणून क्रम नीट लक्षात राहिला. आधी साबणानं हात धुतले, स्वतःचे आणि तिचे. करंगळीची जखम पुसून पट्टीनं झाकून टाकली. "याच्यावर औषध नको, आगच होईल. हे बोट आज सोडून द्यायचं." मग खिडक्या उघडल्या. कोपऱ्यातल्या गणपतीपुढची उदबत्ती विझवली. बाटली दाखवून म्हणाल्या, "ॲसिटोन आहे. पेट घेतंय लगेच." शेजारच्या चिरंजीवांच्या थिनरची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझे पस्तीसमधले आणखी पाच कमी झाले.

नखांचा पुढे आलेला भाग त्यांनी जाडजूड कटरनं थोडा थोडा करत कापला. एकदम कापला तर खालचं नख तडकतं. मग कानशीनं वरचा चकचकीत थर घासला. खडा, बुट्टी, डाळिंबी रंग, सगळ्याची पांढरी भुकटी झाली. "वरचा थर घासला नाही, तर ॲसिटोन आत शिरतच नाही, सर. पण खालपर्यंत घासायचं नाही. थोडं ठेवायचं." नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं. कापसाचे नखाएवढे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून एकेका नखावर ठेवले आणि प्रत्येक बोटाला चांदीच्या कागदाची गुंडाळी केली. तोच कागद, ज्यात आमची ही प्रवासाला पोळ्या बांधून देते. नऊ बोटांना नऊ टोपड्या घालून नात बसली. वरून गरम टॉवेल.

"आता वीस मिनिटं गप बसायचं," बाई म्हणाल्या.

इतिहासाच्या मास्तराला वीस मिनिटं गप्प बसवणं ही सोपी गोष्ट नाही. आणि मोबाइल नावाची वस्तू हाताशी असली की माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं कुतूहलही तरुण होतं. हे नख बसवायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली? पाहिलं, तर हा उद्योग एका दातांच्या डॉक्टरचा निघाला! १९५४ साली फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं. हाताशी दातांसाठी लागणारं ॲक्रिलिक होतंच. त्यानं चांदीच्या कागदाचा साचा करून तुटक्या नखावर ते बसवलं. झालं! एका माणसाचं नख तुटलं आणि जगभर धंदा उभा राहिला. एक पूड, एक पातळ द्रव. दोन्ही एकत्र आले की काही मिनिटांत दगड. माझ्या तोंडात जी कवळी आहे, तीही याच घराण्यातली. म्हणजे आजोबांच्या तोंडात आणि नातीच्या बोटांवर एकच खानदान! फरक एवढाच, की माझी रात्री काढून पेल्यात ठेवता येते.

"कवळीला ॲसिटोन लावू नका बरं, सर," बाई म्हणाल्या. मी मोठ्यानं बोलत होतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वीस मिनिटं झाली. बाईंनी एका बोटाची टोपडी काढून पाहिली. ॲक्रिलिक पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. लाकडी काडीनं त्यांनी ते हलकेच मुळाकडून पुढे लोटलं, साय बाजूला करावी तसं. जेवढं आलं तेवढं घेतलं. जिथं अडलं तिथं काडी लगेच उचलली, नवा कापूस, नवी टोपडी.

"अजून थोडं जोर लावलात तर निघेल की," मी म्हणालो. सल्ला देणं ही निवृत्त माणसाची पेन्शनशिवायची दुसरी मिळकत.

"निघेल ना, सर. पण नखाला घेऊन निघेल. हे आपण ओढायचं नसतंय. त्यानं सोडलं की घ्यायचं."

मी पुन्हा गप्प बसलो. दुसरी वीस मिनिटं.

मनात आलं, हे ॲसिटोन तरी कुठून आलं? आणि पुन्हा इतिहास निघाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना तोफा-बंदुकांची कॉर्डाइट नावाची दारू करायला ॲसिटोन लागायचं, आणि ते पुरेना. तेव्हा मँचेस्टरला शिकवणाऱ्या खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञानं धान्य आंबवून ॲसिटोन काढायची रीत शोधली. पुढं धान्याचीच टंचाई झाली, तेव्हा १९१७ मध्ये इंग्लंडातल्या शाळकरी पोरांना चेस्टनटसारखी रानफळं गोळा करायला लावलं. मास्तरांची पोरांना कामाला लावायची सवय जुनीच. याच रीतीनं आपल्या नाशिकलासुद्धा सरकारनं ॲसिटोनचा कारखाना उभारला होता. आणि हे वाइझमन १९४९ मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या पाण्यासारख्या द्रवानं तोफा उडाल्या, तोच आता पोळीच्या कागदात गुंडाळून माझ्या नातीचं नख सोडवत होता. तोफेपेक्षा हे काम अवघड असावं. तोफेला खालचं नख सांभाळायचं नसतं.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली. बसवणारा स्लॅक; त्याचं नाव आहे, साल आहे. ॲसिटोन करणारा वाइझमन. तो तर राष्ट्राध्यक्ष झाला. पण बसवलेलं नख इजा न करता काढायचं कसं, हे पहिल्यांदा ज्या कुणा बाईनं कापूस आणि कागद घेऊन शोधलं असेल, तिचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. इतिहास हा लावणाऱ्यांचा असतो. झेंडा लावणारा, वतन लावून देणारा, कर लावणारा, शोध लावणारा. काढणाऱ्याला फार तर पस्तीस मार्क.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? आमच्या लहानपणी वाड्यावर न्हावी यायचे. धोकटी उलगडायचे. वस्तरा, कात्री, चिमटा आणि नखं काढायची ती नराणी. घरातल्या सगळ्या पुरुषांची हातापायाची नखं ते काढायचे. तिरक्या धारेच्या त्या हत्यारानं माझ्या आजोबांची शिंगासारखी झालेली अंगठ्याची नखं ते अशी काढत, की आजोबांना तिथंच डुलकी लागे. कधी रक्ताचा थेंब नाही. त्यांना सुगीला ठरलेलं बलुतं मिळायचं आणि ते गेले की ओसरीची ती जागा पाण्यानं धुतली जायची. त्यांना आम्ही सगळे 'मामा' म्हणायचो. त्यांचं नाव काय होतं, हे मला आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी आठवून आठवून आठवत नाही. घरातल्या गाईचं नाव आठवतं.

दुसरी वीस मिनिटं संपली. सात नखं मोकळी झाली. पण उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट काही सोडेना. बाईंनी त्याची भुकटी बोटावर घेऊन हुंगली. "हे स्वस्तातलं आहे, सर. पुण्यात कुणी बसवलं कुणास ठाऊक. लवकर भिजत नाही, दगडासारखं असतंय." एम.एम.ए. नावाचं हे रसायन. अशाच नखांमुळे खरी नखं खराब झाली, बोटांना पुरळ उठलं अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्याविरुद्ध कोर्टकचेरी झाली. तिथल्या कोर्टानं हाकललेलं पुढं कुठं कुठं हिंडतं, ते आपण पाहतोच.

तिसऱ्यांदा टोपड्या चढल्या. नातीला हसवावं म्हणून मी आपल्याकडचे दाखले काढले. म्हटलं, नखांच्या बाबतीत आपण मागे नाही. नरसिंहानं काम केलं ते नखांनीच. महाराजांची वाघनखं तर लोखंडाची. ती काढायला ॲसिटोन लागत नव्हतं. लंडनच्या म्युझियममधली वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. हीच ती, असं ते म्युझियम छातीठोकपणे सांगत नाही. पण दर्शनाला गेलेल्या माणसानं पुजाऱ्याकडे पावती मागू नये.

"आणि आपले पुण्याचे चिल्लाळ!" मी म्हणालो. श्रीधर चिल्लाळांनी १९५२ मध्ये डाव्या हाताची नखं काढणं बंद केलं आणि ती वाढवली सहासष्ट वर्षं! पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर, एकट्या अंगठ्याचं नख १९७.८. शेवटी जुलै २०१८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कला विजेच्या हत्यारानं ती काढली. तोवर हात कायमचा आखडला होता. "आणि हे सुरू कशावरून झालं माहीत आहे? शाळेत असताना त्यांच्या हातून एका मास्तरांचं वाढवलेलं नख मोडलं. मास्तर म्हणाले, नख जपणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. पोरगं चौदा वर्षांचं. त्यानं मनाला लावून घेतलं. बघ, मास्तरांचा एक शब्द, आणि सहासष्ट वर्षं!"

नात हसली. बाई हसल्या नाहीत. त्या कानस पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या,

"तुम्ही पण तपासायचात ना, सर. सोमवारी. प्रार्थनेनंतर."

तपासायचो खरा. नखं तपासणी हे माझ्याकडेच असायचं. पोरं रांगेत उभी राहायची, पालथे हात पुढे करायची, आणि ज्याची नखं वाढलेली त्याच्या बोटांवर पट्टी. लाकडी, एक फुटाची. स्वच्छतेचे संस्कार म्हणून मी हे काम इमानानं केलं. निरोपसमारंभाच्या भाषणात एकानं त्याचा उल्लेखही केला होता.

"लागायची का ग पट्टी?" मी विचारलं. हसत विचारावं असा बेत होता.

"लागायची, सर." त्या अगदी सहज म्हणाल्या. "आईबाप कारखान्याला जायचे ना आमचे, ऊसतोडीला. दिवाळी झाली की ते गेलेच. मी आणि भाऊ आजीपाशी. घरात नेलकटर कुठलं? आजीला दिसायचं नाही, ती ब्लेडनं काढायची. एकदा अंगठ्याला लई खोल गेलं. तेव्हापासून मी तिच्याकडं जायचीच नाही. नखं मुठीत लपवायची. तुम्ही म्हणायचात, 'उद्या काढून ये.' कशानं काढू, ते कुणी विचारलं नाही."

पार्लरमध्ये पंखा तेवढा फिरत होता. ॲसिटोनचा वास नाकात बसला होता. डोळ्यांतही गेला असावा.

छत्तीस वर्षं मी सनावळ्या विचारल्या. तह कुठं झाला, कुणात झाला, कलमं किती. 'कशानं काढू' हा प्रश्न माझ्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नव्हता. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या वर्गाचे आईबाप दिवाळीनंतर कोयते घेऊन परमुलखाला जातात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हजेरीपटावर त्या पोरांपुढे मीच फुल्या मारत होतो. पण हजेरीपट एका कपाटात होता आणि पट्टी दुसऱ्या.

मी काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी टोपड्या काढायला घेतल्या. अंगठा सुटला. मधल्या बोटावर मात्र पातळसा थर राहिलाच. त्यांनी तो मऊ कानशीनं जेमतेम नखाबरोबर केला आणि हात आखडता घेतला. "एवढं राहू द्या. ह्याच्या मागं लागलं तर नख जाईल. उद्या-परवा पुन्हा भिजवून बघू, नाहीतर नख वाढेल तसं पुढं येईल आणि काढून टाकता येईल."

"पण सोमवारी..." नात म्हणाली.

"मग उद्या सकाळी या. रविवार असला तरी उघडते मी."

मग हात साबणानं धुवून, नखांच्या मुळाशी तेल चोळून झालं. उघडी पडलेली नातीची नखं मी पाहिली. फिकट, कोरडी, थोडी खरबरीत. जन्मली तेव्हा मी पाहिली होती त्यांच्यापेक्षा फार मोठी नाहीत असं वाटलं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने. म्हणजे करंगळीची चूक पुसायला एक सुगी जाणार. पण बाकीची नऊ शाबूत होती. सोमवारी त्या हातात कुणाचं तरी लेकरू यायचं होतं; ते ज्यांचं असेल त्यांनी दिवाळीला कोयता परजला असेल, नसेल.

मी खिशात हात घातला. "किती झाले?"

"दोनशे द्या, सर."

"आणि बसवायचे किती घेतेस?"

"बाराशे."

"बसवायला किती वेळ लागतो?"

"दीड तास."

"आणि हे काढायला?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "झाले की पावणेदोन."

"मग हा कुठला हिशेब?"

"काढायला कोण पैसे देतंय, सर? लोक म्हणतात, काढायचेच तर आहेत, त्याला काय लागतंय!"

मी बाराशे रुपये पुढे केले. तिनं दोनशे घेतले आणि हजार माझ्या खिशात परत कोंबले. मराठवाड्यात हा झगडा जिन्यापर्यंत चालतो, तसा तो चालला. शेवटी नातीनं तडजोड केली. उद्याच्या कामाचे आजच, मिळून पाचशे. मी 'मामां'च्या बलुत्याचा विचार करत होतो. फेडायचं ठरवलं तरी पत्ता सापडत नाही अशी काही देणी असतात.

"ग, तुझं नाव काय?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. ते मी घरी आल्यावर डायरीत लिहून ठेवलं, वर्ग आणि तुकडीसकट. इथं लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि तिचं गिऱ्हाईक माझ्या निबंधावर अवलंबून नाही.

आम्ही निघालो. मी चपला घालायला वाकलो, भिंतीला हात टेकला, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"सर, थांबा जरा."

वळून पाहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. परवाच्या रात्री नेलकटरचा जबडा वाकल्यापासून... छे, खरं सांगायचं तर त्याच्याही आधी पंधरा दिवसांपासून, माझ्या नखांकडे मी पाहिलं नव्हतं. वाढली होती. अंगठ्याच्या नखात तर तंबाखू-चुन्याचा पुरावाही होता.

तिच्या हातात ती लांबट कानस होती. बरोबर पट्टीएवढी नाही, अर्धी असेल.

"हात दाखवा," ती म्हणाली.

मी स्टुलावर जाऊन बसलो आणि पालथे हात पुढे केले.